उचलायची कोणती, टाकायची कोणती

क्वेक थ्री अरेना या १९९९ सालच्या, एकमेकांवर गोळ्या झाडायच्या कॉम्प्युटर गेममधले काही आकडे मला अजून पाठ आहेत. लाइटनिंग गन या विजेच्या बंदुकीचा एक झटका ८ डॅमेज करतो, म्हणजे समोरच्याची हेल्थ तेवढी घटवतो, आणि सेकंदाला असे २० झटके बसतात, म्हणजे सेकंदाला १६०. रॉकेट थेट बसलं तर १००, पण दोन रॉकेटांमध्ये ०.८ सेकंद जातात. हिशेब १२५वर येतो. रेलगनचा घावही १००चाच, फक्त तो दर दीड सेकंदाने एकदा. म्हणजे सेकंदाला ६७च्या आतच. लागला निकाल. लाइटनिंग गन पहिली, रॉकेट दुसरं, रेलगन तळाशी. हा निकाल खिशात घालून मॅचमध्ये उतरणारी पोट्टी मी खूप पाहिली. त्यांचा बराचसा वेळ पुन्हा जिवंत होण्याची वाट बघण्यात जायचा.

आकडे खोटे नसतात, पण ते एका अटीवर खरे असतात आणि ती अट तक्त्यात कुठे छापलेली नसते. लाइटनिंग गनचे १६० मिळवायचे तर समोरच्या उड्या मारणाऱ्या माणसावर पूर्ण सेकंदभर नेम चिकटून राहिला पाहिजे. वर त्या गनचा झोत ७६८ युनिटांच्या (हे गेममधलं अंतराचं माप) पुढे पोचतच नाही. त्यापलीकडे उभा राहून कुणी तुमच्याकडे बघून हसला तरी तुम्ही काही करू शकत नाही. आम्ही खेळायचो त्या नागपुरातल्या, धरमपेठेतल्या सायबर कॅफेत माउसला खाली रबरी बॉल असायचा आणि आतल्या रुळांवर कधीचा मळ साचलेला असायचा. त्या माउसवर कुणाचा नेम सेकंदभर चिकटला असेल तर त्या माणसाला माझा नमस्कार. आमच्या कॅफेपुरता लाइटनिंग गनचा खरा हिशेब सेकंदाला पन्नासेकच असावा.

रॉकेटाचं प्रकरण मला जास्त आवडतं, त्यावर जरा थांबते.

क्वेकमधलं रॉकेट सेकंदाला ९०० युनिट जातं. पळणारा खेळाडू सेकंदाला ३२० युनिट. समजा तो तुमच्यापासून ७५० युनिटांवर आहे. तुम्ही नेम धरून सोडलेलं रॉकेट तिथं पोचेपर्यंत तो अडीचशेहून जास्त युनिट सरकलेला असतो. म्हणजे रॉकेट माणसावर सोडायचंच नसतं. तो कुठे असेल, तिथं सोडायचं. आणि तेही त्याच्या अंगावर नको, पायाशी, जमिनीवर. कारण स्फोटाची झळ १२० युनिटांपर्यंत लागते आणि जमीन काही उडी मारून बाजूला होत नाही. रॉकेट चांगलं चालवणाऱ्याची नजर म्हणून माणसावर कमी आणि फरशीवर जास्त असते. कोणता जिना कुठे उतरतो, उडी मारलेला माणूस कुठे टेकणार, हे त्याला माहीत असतं. हवेत उडालेला माणूस तर आयतंच गिऱ्हाईक, कारण हवेत असताना त्याला दिशा फारशी बदलता येत नाही. शिवाय रॉकेट स्वतःच्याच पायाशी फोडून वरच्या मजल्यावर उडी घेता येते, तिला रॉकेट जंप म्हणतात. थोडी हेल्थ जाते, पण दारानं येणाऱ्यांच्या आधी तुम्ही छतावर असता. बंदुकीचा शिडी म्हणून उपयोग करणाऱ्या त्या पहिल्या खेळाडूबद्दल मला फार कुतूहल आहे.

आमच्या टोळक्यात एक रेलगनवाला होता. मॅच सुरू झाली की हा गायब. मग दूरवरून एक सरळ रंगीत रेघ यायची आणि कुणीतरी शिवी हासडायचं. त्याच्या हातात रेलगन म्हणजे दीड सेकंदाला एक मुडदा, तिथं ६७ चा हिशेब कोण करतो! कॅफेतले सगळे संगणक एकाच तारेनं जोडलेले, त्यामुळे बटण दाबलं की गोळी तिथल्या तिथे लागलेली. हाच पठ्ठ्या घरी जाऊन डायल-अपवरून परदेशातल्या सर्व्हरवर खेळायला बसला, तेव्हा त्याला कुणी विचारेना. त्या काळी त्या गेममध्ये लाइन हळू असेल तर ती सांभाळून घेण्याची सोय नव्हती. आपला निरोप सर्व्हरपर्यंत पोचेस्तोवर समोरचा पुढे निघून गेलेला. रेलगनसुद्धा रॉकेटाप्रमाणे अंदाजानं पुढे मारायची. ‘गेमच बेकार आहे बे,’ असं म्हणून त्यानं ते सोडलं. गेम तोच, गन तीच, हातही तोच. बदलली होती फक्त टेलिफोनची तार.

त्या कॅफेत मी एकटीच मुलगी असायचे. याबद्दल लोकांना मोठी गोष्ट ऐकायची असते, पण तशी काही नाही. पहिले काही दिवस पोट्टे माझ्यावर गोळी झाडायला संकोचायचे. त्या संकोचाचा मी भरपूर फायदा घेतला, मग तो संपला.

तर कोणती गन बेस्ट, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: तुझ्याकडे काय नाही? नेम नाही, धीर नाही, चांगली लाइन नाही, की गोळ्या नाहीत? प्रत्येक गनमध्ये गेम बनवणाऱ्यांनी मुद्दाम एक खोट ठेवलेली असते. एखादी तापते, एखादीची गोळी सावकाश जाते, एखादीला भरायला वेळ लागतो, एखादी जवळूनच चालते. खोट नसलेली गन गेममध्ये ठेवली तर सगळे तीच घेतील आणि बाकीच्या गन बनवणाऱ्या चित्रकारांची मेहनत वाया जाईल. म्हणून गन निवडताना आपण तिची ताकद निवडतो असं वाटतं, पण निवडत असतो तिची खोट. कोणती खोट आपल्याला निभावता येईल, एवढाच खरा प्रश्न.

हे सगळं आता पुन्हा डोक्यात यायचं कारण माझा भाचा. नववीत गेलाय. मे महिन्यात नागपुरात दुपारी अकरा ते पाच बाहेर पडायची सोय नसते; पारा पंचेचाळीसला टेकलेला, रस्ते ओस, आणि नवतपा लागला की घरातली माणसंसुद्धा एकमेकांशी बोलायचं टाळतात. भावानं त्याला सरळ माझ्याकडे पाठवून दिलं. माझ्याकडे कूलर मोठा आहे आणि कॉम्प्युटर चांगला आहे, यातलं नेमकं कोणतं कारण त्याला पटलं ते उघड आहे. कूलरची दमट हवा थेट कॉम्प्युटरवर जाऊ द्यायची नाही, ही माझी एकच अट. मी त्याला हेलोचा पहिला भाग लावून दिला. २००१च्या नोव्हेंबरात एक्सबॉक्सवर आलेला हा गेम आम्ही दोन वर्षांनी पीसीवर आला तेव्हा खेळलो होतो.

‘आत्या, सांग न व, यातली सगळ्यात भारी गन कोणती?’ हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न दहा मिनिटांनी आला, तो जास्त चांगला होता: ‘हे काय, दोनच घेता येतात?’

हेलोचं मोठेपण या दोनमध्ये आहे. त्याच्या आधीच्या बहुतेक शूटर गेममध्ये माणूस अख्खं शस्त्रागार पाठीवर घेऊन पळायचा. १९९३च्या डूममध्ये पिस्तूल, शॉटगन, चेनगन, रॉकेट, प्लाझ्मा गन आणि वर ती अवाढव्य बीएफजी ९०००, जी एका फटक्यात बॅटरीचे ४० सेल खाते, हे सगळं एकाच माणसाजवळ. तिथं निवड करावी लागत नाही, फक्त आकड्यांची बटणं दाबावी लागतात. हेलोमध्ये तिसरी गन उचलायची तर हातातली एक खाली टाकावी लागते. आणि टाकताना पुढच्या खोलीत कोण बसलंय हे माहीत नसतं. टाकलेली गन तिथंच पडून राहते. पुढं जाऊन कळतं की तीच पाहिजे होती, मग उलट पळत यायचं, तोवर मागे आणखी कुणी आलेलं. माझ्या मते हेलोमधली खरी लढाई या पडलेल्या बंदुकांपाशी होते.

भाच्यानं अर्थात दिसायला दणकट ती उचलली. असॉल्ट रायफल, मॅगझिनमध्ये ६० गोळ्या, आवाज जबरदस्त. कमरेचं पिस्तूल त्यानं टाकून दिलं, कारण पिस्तूल कोण वापरतं! मी काही बोलले नाही. ते पिस्तूल म्हणजे या गेममधली सगळ्यात चावट वस्तू आहे. १२ गोळ्या, दुप्पट लांबचं दाखवणारी दुर्बीण, आणि मल्टिप्लेअरमध्ये, म्हणजे खेळाडू एकमेकांशी लढतात तेव्हा, डोक्यात तीन गोळ्या बसल्या की समोरचा आडवा. असॉल्ट रायफल लांबून नुसती शिंपडत राहते; पिस्तूल मैदानाच्या पलीकडचा माणूस उचलतं. त्याहून गंमत हंटरची. हे हंटर म्हणजे दारातून मावणार नाहीत असे चिलखती राक्षस, एका हातात ढाल, दुसऱ्या हाताची तोफ. भाचा त्यांच्यावर मॅगझिनमागून मॅगझिन रिकामं करत होता आणि गोळ्या चिलखतावरून उडून जात होत्या. त्यांच्या पाठीवर चिलखताच्या फटीत नारिंगी मांस दिसतं. बाजूला सरकून तिथं पिस्तुलाची एक, फक्त एक गोळी मारायची. हे त्याला मी तो तिथं मरायला कंटाळला तेव्हा सांगितलं. एक गोळी सुटली, राक्षस कोसळला, आणि भाचा माझ्याकडे असं बघू लागला की मी इतकी वर्षं त्याच्यापासून घराण्याची इस्टेट लपवून ठेवली होती.

हेलो २मध्ये, २००४ साली, त्या पिस्तुलाची दुर्बीण काढून घेतली आणि जोरही कमी केला. संतुलनाच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. मला मान्य नाही.

पुढे फ्लड येतात. माणसांच्या आणि या गेममधले मूळ शत्रू असलेल्या परग्रहवासीयांच्या देहात घुसून ते देह ताब्यात घेणारे परजीवी. इथं स्नायपर रायफल घेऊन आलेल्याची कीव करावी. चार गोळ्यांचं मॅगझिन, एकेक गोळी मोलाची, आणि ती त्यांच्या सडक्या देहातून आरपार निघून जाते. त्यांना जणू पत्ताच लागत नाही. तिथं शॉटगन पाहिजे. १२ काडतुसं, जवळून मारा, आणि मोकळा वेळ मिळाला की एकेक काडतूस भरत राहा. ‘लायब्ररी’ नावाची जी लेव्हल आहे तिच्यात सगळे बोळ एकसारखे आणि फ्लडचा लोंढा थांबत नाही. ‘संपूनच नाही राहिले व हे!’ असं भाचा ओरडत होता तेव्हा त्याच्या हातात प्लाझ्मा रायफल तापून वाफा सोडत होती आणि शॉटगन दोन पावलांवर जमिनीवर पडली होती. दुपारी दूरवर मारणारी जी बंदूक देवासमान वाटली, ती संध्याकाळी ओझं होते. बंदूक तीच. समोरचा बदलला.

परग्रहवासीयांच्या बंदुकांची खोट आणखी मजेशीर. त्यांना मॅगझिन नाही, त्यामुळे भरायचा प्रश्न नाही. पण सलग झाडली की तापतात आणि काही क्षण निकामी होतात. शिवाय बॅटरी संपली की संपली. चार्ज करायची सोय नाही, फेकायची आणि मेलेल्याच्या हातातली दुसरी घ्यायची. प्लाझ्मा पिस्तूल तर एरवी अगदी किरकोळ. पण बटण दाबून धरलं की त्याच्या तोंडाशी हिरवा गोळा साठतो, आणि तो सोडला की समोरच्याचं शील्ड, म्हणजे अंगाभोवतीचं संरक्षक कवच, एका झटक्यात शून्य. माणूस मरत नाही, नुसता उघडा पडतो. दुसऱ्या भागात तीन-तीन गोळ्या सोडणारी बॅटल रायफल आली. शील्ड असलेल्या माणसावर ती रेंगाळते, उघड्या डोक्यावर मात्र झटपट काम करते. दोन्ही सोबत ठेवल्या की हिरवा गोळा, बंदूक बदल, डोक्यात एक फैर, खेळ खलास. जगभरच्या खेळाडूंनी या जोडीला तुच्छतेनं नूब कॉम्बो, म्हणजे नवशिक्यांची जोडी, म्हटलं. ही हिणवणी हरणाऱ्यांची आहे. एकीची खोट जिथं सुरू होते तिथं दुसरीची ताकद सुरू व्हावी, यापेक्षा दोन जागांचा चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. दोन्ही जागी दोन जबरदस्त लांब पल्ल्याच्या बंदुका घेऊन फिरणारा माणूस एकच खोट दोनदा विकत घेतो.

शत्रूची बंदूक त्याच्यावरच चालवायची ही कल्पना भाच्याला फार आवडली. मी त्याला सीताबर्डीची गोष्ट सांगितली. रोज ज्या बर्डीवर आपण खरेदीला जातो, तिथल्या दोन टेकड्यांवर नोव्हेंबर १८१७मध्ये इंग्रजांची फौज बसली होती आणि आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं तिच्यावर हल्ला केला. भोसल्यांच्या पदरच्या अरबांनी लहान टेकडी घेतली, आणि तिथं हाती आलेली तोफ वळवून मोठ्या टेकडीवरच्या इंग्रजांवर डागली. ती लहान टेकडी इंग्रजांनी नंतर परत घेतली आणि लढाईही जिंकली, तो भाग शाळेत शिकवतात. किल्ला आता लष्कराच्या ताब्यात आहे. भाच्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या तोफेत गोळे किती उरले होते?’ हेलोनं त्याला नीट शिकवलं होतं.

गोळ्या मोजायची सवय लागली की दुसरा एक रोग जडतो: जपून ठेवण्याचा. बर्फातल्या एका लांबलचक लेव्हलमध्ये त्याला रॉकेट लाँचर मिळाला. नळ्यात दोन रॉकेटं, जवळ आणखी काही. त्या लेव्हलमध्ये रणगाडे आले, उडती यानं आली, हंटर तर जोडीजोडीनं आले. यानं एकही रॉकेट सोडलं नाही. ‘पुढं मोठा बॉस आला तर?’ आपल्याकडे कपाटात पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्या असतात, त्यातून घरच्यांनी कधी चहा प्यायलेला नसतो. तसे त्याचे रॉकेट. लेव्हल संपली. पुढची लेव्हल नव्या बंदुकांनी सुरू होते, जुनं काही बरोबर येत नाही. लाँचर गेला, रॉकेटांसकट. भाचा बराच वेळ गप्प बसला आणि मग उठून माठातलं पाणी प्यायला गेला.

हा रोग फार जुना आहे आणि गेम बनवणाऱ्यांनाही तो माहीत आहे. २०२०च्या डूम इटर्नलमध्ये त्यांनी त्यावर जालीम उपाय काढला. गोळ्या इतक्या थोड्या देतात की सगळ्या बंदुका आलटून पालटून वापराव्याच लागतात, आणि संपल्या की करवतीनं राक्षस कापायचा. त्याच्या पोटातून गोळ्या बाहेर पडतात. जपून ठेवायला जागाच नाही. खेळून झाल्यावर हात दुखतात, पण कंजूषपणा जातो.

विज्ञानकथेतल्या बंदुकीनं नुसता निळा-हिरवा उजेड पाडून माझं समाधान होत नाही. ती हातात आली की जागेकडे बघायची नजर बदलली पाहिजे. या परीक्षेत मी अजून हाफ-लाइफ २ मधल्या ग्रॅव्हिटी गनलाच पहिला नंबर देते. २००४ सालचा गेम. या गनला गोळ्याच नाहीत. ती वस्तू ओढून घेते आणि भिरकावते, इतकंच. रेव्हनहोम नावाच्या झोंबींच्या गावात गोळ्यांचा दुष्काळ असतो, आणि भिंतीत रुतलेली लाकूड कापायची गोल पाती, रंगाचे डबे, गॅसच्या टाक्या, मोडके फर्निचर यांचा सुकाळ. गन हातात आल्याबरोबर अडगळीची खोली दारूगोळ्याचं कोठार होते. खोलीत शिरल्यावर आधी शत्रू शोधायची सवय मोडते. आधी फेकण्याजोगं काय आहे ते दिसायला लागतं. आणि शेवटी तर कमाल आहे. शत्रूच्या मनोऱ्यात शिरताना तुमच्या सगळ्या बंदुका, मेहनतीनं जमवलेलं सगळं, तुमच्या डोळ्यांदेखत जाळून टाकतात. उरते ती एकच, आणि तीही बिघडून निळी होते, मग जिवंत सैनिकांनाही उचलून फेकू लागते. सगळं काढून घेऊन खेळाडूला जास्त ताकदवान वाटायला लावणारे लेखक मला फार हुशार वाटतात.

दुसरा नंबर डेड स्पेसमधल्या प्लाझ्मा कटरला. २००८चा गेम. नायक सैनिक नाही, इंजिनिअर आहे. अख्खे ग्रह फोडून खनिज काढणाऱ्या जहाजावर अडकलेला. त्याच्या हातात असतं ते खाणीतलं कापायचं अवजार. इथं समोरच्या राक्षसांच्या डोक्यात गोळी मारून काही होत नाही, हातपाय तोडावे लागतात, म्हणून कटरचं तोंड आडवं-उभं फिरवता येतं. धावत येणाऱ्याचे पाय आडव्या रेघेनं, वर उगारलेले कोयते उभ्या रेघेनं. पूर्ण गेम फक्त या एका कटरनं संपवला तर वेगळं बक्षीस आहे, म्हणजे बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं की सगळ्यात साधं अवजार शेवटपर्यंत पुरतं.

माझा एक मित्र सावनेरकडच्या भूमिगत कोळसा खाणीत काम करतो. त्याला मी हा कटर मोठ्या कौतुकानं दाखवला. त्यानं आधी विचारलं, ‘तिथं गॅस कोण चेक करते?’ हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असला की एक ठिणगी पुरते. त्याच्या खाणीत गॅस तपासल्याशिवाय आणि परवानगी घेतल्याशिवाय खाली कुणी साधं गॅस कटिंग करू शकत नाही. आणि हा इंजिनिअर बंद बोळात जळता प्लाझ्मा घेऊन पळतोय. ‘राक्षस नंतर मारशील बाप्पा, आधी तूच उडशील.’ मग म्हणाला की कोळशाची खाण नसेल तर चालेल. परवानगी मिळाली.

नागपूरच्या माणसाला हत्यारांबद्दल असा काहीतरी आडवा प्रश्न पडतोच, कारण खरी हत्यारं इथून फार लांब नाहीत. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, तिकडे वाडीच्या बाजूला लोक त्या भागाला नुसतं डिफेन्स म्हणतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटकांचा कारखाना, भद्रावतीजवळ चांद्याची निर्माणी. आमचे शेजारचे काका अशाच एका निर्माणीतून निवृत्त झालेत. ते एका संध्याकाळी पेपर परत द्यायला आले आणि भाच्याच्या मागे उभे राहून बघत बसले. भाच्यानं घाईघाईत रॉकेट सोडलं, ते दोन हातांवरच्या भिंतीवर आदळलं आणि भाचा स्वतःच मेला.

काका म्हणाले, ‘हे रॉकेट पास नाही होत.’

मग त्यांनी सांगितलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. तोफेच्या गोळ्याचा फ्यूज, म्हणजे तो फोडणारा भाग, नळीत असताना मेलेला असला पाहिजे. गोळा उडतो तेव्हाचा धक्का आणि त्याचं गरगर फिरणं, या दोन गोष्टी घडल्या तरच आतली कुलपं एकेक करून उघडतात आणि गोळा फुटायला तयार होतो. खांद्यावरून सोडायच्या रॉकेटालाही ठराविक अंतर कापल्याशिवाय फुटायची परवानगी नसते. दोन हातांवरच्या भिंतीला लागून ते ठप्पकन खाली पडायला पाहिजे होतं. ‘आमचं सगळं काम तेच. फुटाले पायजे तवाच फुटलं पायजे. आधी नाही, न मागून नाही.’ ते किती जोरात फुटतं याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. भाच्यानं विचारलं, ‘मग रॉकेट जंप?’ ती काय असते हे समजावून सांगितल्यावर काका इतके हसले की काकू दारात आल्या.

जानेवारी २०२५मध्ये जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले, तेव्हा हेच काका दिवसभर फोनवर होते. आमच्या गेममधल्या कुठल्याच बंदुकीच्या तक्त्यात ‘बनवणाऱ्यासाठी किती धोकादायक’ असा रकाना नसतो. असावा असं मी म्हणत नाही. खेळ खेळच राहू दे. पण काका बसलेले असले की भाचा हल्ली रॉकेट जरा लांबून सोडतो.

हेलो संपवून आम्ही आता हेलडायव्हर्स २वर आलोय. २०२४चा गेम, चार जणांनी मिळून परग्रहावर किडे आणि यंत्रमानव मारायचे. आपल्याच माणसाची गोळी आपल्याला लागते, हा त्यातला पहिला नियम आणि निम्म्या भांडणांचं मूळ. मोठी हत्यारं आकाशातल्या जहाजातून मागवायची असतात, बाणांच्या खुणा दाबून, तीही किडे अंगावर येत असताना. माझी आवडती त्यातली ऑटोकॅनन, हातात धरायची छोटी तोफ. एकट्यानं वापरली तर पाठीवरच्या दप्तरातून स्वतःच गोळे काढून गुडघ्यावर बसून भरत बसावं लागतं, आणि तेवढ्यात किडा येतो. पण दप्तर दुसऱ्याच्या पाठीवर दिलं आणि तो शेजारी उभा राहिला तर तो भरत राहतो, तुम्ही झाडत राहता, आणि मध्ये खंडच पडत नाही. इथं बंदुकीची खोट दुसऱ्या माणसानं भरून काढायची असते. तक्त्यात बसवायचं म्हटलं तर या बंदुकीचे आकडे शेजारी कोण उभं आहे यावर बदलतात.

अडचण एकच, दप्तर घ्यायला कुणी तयार नसतं. दप्तरवाल्याला झाडायला मिळत नाही, सगळे किडे मात्र त्याच्याही अंगावर येतात, आणि मारल्याचं श्रेय बंदूकवाल्याला.

‘आत्या, दप्तर तू घे. तुह्या नेमाचं काही खरं नाही.’

‘तुला नेम कोणी शिकवला रे?’

‘ते जाऊ दे न व.’

परवा मीच दप्तर घेतलं. पाच मिनिटं इमानदारीनं गोळे भरले. मग भाचा जोशात पुढे गेला, आमच्याच तिसऱ्या गड्यानं मागवलेला बॉम्ब त्याच्या डोक्यावर पडला, आणि ऑटोकॅनन माझ्या पायाशी आली. दप्तर माझ्याच पाठीवर होतं. मी माझी बंदूक टाकली आणि ती उचलली. तो पुन्हा जिवंत होऊन नव्या कुपीतून आकाशातून खाली येत होता तेव्हापासूनच हेडफोनमध्ये ओरडत होता, ‘आत्या, माही गन वापस दे! आत्या!’

दिली नाही. म्हटलं, ये इकडे, दप्तर घे.